सत्र आईचं, उत्तरं आळीची

बाबा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. दुसऱ्याच कुणाच्या युद्धातला एक ड्रोन त्यांच्या जहाजावर आदळला. त्यानंतर पाच महिने आई त्यांच्याबद्दल एक शब्द बोलली नाही. वाडीला पाणी द्यायची, सुपाऱ्या सोलायची. बाबांचं नाव निघालं की उठून आत जायची.

बऱ्याच अर्जांनंतर एका संस्थेने समुपदेशनाची चार सत्रं मंजूर केली, व्हिडिओ कॉलवर. अट एकच, आईने एकटीने बसायचं.

नागावात आमच्या आळीत नवरा गेलेल्या बाईला वर्षभर एकटं सोडत नाहीत. पाळ्या लागतात. कॉलच्या वेळी शेजारच्या कुमुदकाकू, नूतनमावशी आणि वाडीत कामाला येणारी सोनाबाई आईला चिकटून बसल्या.

"बाकीच्या जरा बाहेर थांबाल का?" समुपदेशक आरोहीताईंनी विचारलं.

तिघी ओटीवर गेल्या आणि खिडकीच्या गजांना नाकं लावून उभ्या राहिल्या.

"झोप लागते का?"



"मला नाही लागत," खिडकीतून कुमुदकाकू म्हणाल्या. "पण ते आमच्या ह्यांच्या घोरण्यामुळे."

तीन सत्रं अशीच गेली. काकूंची झोप सुधारली. नूतनमावशी सासूला माफ करण्यापर्यंत आली. आई तशीच. चौथ्या सत्राला मी तिघींना हात जोडले, आता हे शेवटचं आहे म्हणून. त्या आल्याच, पण तोंड उघडणार नाही असं कबूल करून.

"विश्वंभरना घरी आल्यावर काय खायला आवडायचं?" आरोहीताईंनी विचारलं.

आई पदराकडे बघत राहिली. नूतनमावशीला ते सोसेना.

"फणसाची भाजी. जीव होता भावजींचा."

"काहीही सांगू नकोस," आई म्हणाली.

खिडकीतली तिन्ही नाकं मागे सरली.

"फणस त्यांना कधीच आवडला नाही. सासूबाई वाढायच्या म्हणून खायचे. तिकडे पंचवीस माणसांना रांधायचे आणि फोनवर मला विचारायचे, तू आज काय केलंस? शेवटच्या दिवशीही विचारलं. मी म्हटलं, घाईत आहे, मग सांगते. काय केलं होतं, तेसुद्धा आता आठवत नाही."

आणि ती रडायला लागली. सत्राची वेळ संपली होती, पण आरोहीताईंनी फोन ठेवला नाही.

"वालाचं बिरडं व्हतं, वयनी," सोनाबाई हळूच म्हणाली. "वाल मीच सोललेले."

आईने डोळे पुसले. "मीठ जास्त झालं होतं."

"खूपच," कुमुदकाकू म्हणाल्या. "आमच्याकडे वाटी आली होती."