‘नाही’वरची खूण

फाईलवरचं वकिलाचं नाव वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती वकिलांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत होती. वकिलाच्या चुकीमुळे अशिलाचं नुकसान झालं, तर कंपनीने भरपाई द्यायची की नाही, हे तपासणं तिचं काम. या वकिलाने एका शिंपिणीच्या अपघाताचा दावा मुदतीत दाखलच केला नव्हता.

बारा वर्षांपूर्वी याच माणसाने तिच्या वडिलांच्या अपिलाची मुदत अशीच घालवली होती. वडिलांचा छापखाना गेला. त्यांनी तक्रारीचं पत्र दिलं, तेव्हा वकिलाने प्रतीवर पोच म्हणून सही ठोकली आणि त्यांना दारातूनच वाटेला लावलं. ती सहीची प्रत तिने जपून ठेवली होती.

आता डाव तिच्या हाती होता. चूक कळल्यापासून महिन्याभरात कंपनीला कळवायचं, ही अट. वकिलाने चार महिने लावले होते. तेवढ्यावर दावा फेटाळता येत होता. तिने नकाराचं पत्र टाइप केलं. सही करणार, तोच शिंपिणीचा फोन आला.

“मॅडम, तुम्ही नाही म्हणालात तर मला फुटकी कवडी मिळायची नाही. वकिलांनी घर कधीच बायकोच्या नावावर केलंय. माझा उजवा हात उचलत नाही हो.”

तिने ते पत्र फाडलं. उशीर माफ करण्याची शिफारस केली आणि शिंपिणीला पूर्ण भरपाई मंजूर करून घेतली. वकील मात्र तिला अजून हवा होता.

त्या राज्यात विम्याशिवाय वकिली करता येत नसे. पुढच्याच महिन्यात तो विम्याच्या नूतनीकरणासाठी तिच्याच टेबलापाशी आला. तिला ओळखलं नाही. खुर्चीत ऐसपैस बसला. जुन्या अर्जात फक्त मागच्या पाच वर्षांची चौकशी असे. नव्या अर्जात विचारलं होतं, ‘आजवर कोणत्याही अशिलाने लेखी तक्रार केली आहे काय?’

“शिंपिणीचं आमच्याकडे आहेच,” ती म्हणाली. “आणखी कुणी? नीट आठवून लिहा, वकीलसाहेब.”

“अहो, तीस वर्षांत एकच बाई नडली,” तो हसला, आणि ‘नाही’वर खूण करून त्याने झोकात सही केली.

‘होय’ लिहिलं असतं तर हप्ता थोडा वाढला असता, एवढंच.

ती अर्ज आणि वडिलांचं पत्र घेऊन मोठ्या साहेबांकडे गेली. त्यांनी दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या. “तुमचं त्यांच्याशी वैर आहे का?”

“आहे, साहेब. म्हणूनच निर्णय तुम्ही घ्या. पण सही त्यांचीच आहे.”

खोटी माहिती दिली म्हणून नूतनीकरण नाकारलं गेलं. दुसऱ्या कंपन्यांनीही कारण विचारलं आणि हात वर केले. वकिली बंद झाली.

त्याचं ऑफिस रिकामं होणार, त्या दिवशी तिने रजा टाकली. दोन माणसं कपाट जिन्यावरून उतरवत होती. मागून तो आला, घामाघूम.

“तुम्ही? बघायला आलात?”

“हो. मी छापखानेवाल्यांची मुलगी.”

त्याने बाहीने कपाळ पुसलं. “कुठला छापखाना?”

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. इतके दिवस तिला वाटलं होतं की नकारासोबत कंपनीने पाठवलेलं ते पत्र बघताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं असेल. त्याने बहुधा ते धड वाचलंही नव्हतं. तिने पिशवीतून प्रत काढून त्याच्या हातात दिली.

“वाचा.”

“आत्ता? अहो, गाडी थांबलीय...”

“थांबू दे. मोठ्याने वाचा.”

जिन्यातली माणसं कपाट टेकवून ऐकू लागली. तो वाचू लागला. दुसऱ्याच ओळीला अडखळला, तशी ती शांतपणे म्हणाली, “पहिल्यापासून.”