खडकोबा नव्हे, मी पाणबुडी!

अहो, वाकून काय बघताय? पाणबुडीच आहे मी. कोपरच्या खाडीकाठी लाकडी ओंडक्यांवर बसवलेली, अंगाचा चिखल अजून पुरता न सुटलेली. खोटं वाटलं तरी हरकत नाही. माझ्यापायी एका भल्या माणसाला जन्मभर 'थापाड्या' म्हणून घ्यावं लागलं, तिथं तुमचं काय घेऊन बसलात!

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. दुसरं महायुद्ध पेटलेलं. माझ्या थोरल्या बहिणी पोटात पन्नास-पन्नास माणसं घ्यायच्या. मी शेंडेफळ, माझ्यात जेमतेम चार मावायची, तीही मांडीला मांडी लावून. मुंबईला सरावासाठी आले. शत्रूचं जहाज बुडवायची स्वप्नं बघत होते, पण नकाशा बघणाऱ्या साहेबानं काय दिवे लावले कोण जाणे, वसईकडून खाडीत शिरले ती थेट कोपरच्या गाळात रुतले. यंत्र गुदमरलं. डोक्यावर भरतीचं पाणी, त्यामुळे झाकण उघडायची सोय नाही. आतले चौघे देवाचा धावा करू लागले.

तेवढ्यात वरून ठक् ठक् ऐकू आलं.

तो होता धोंडिबा. होडीच्या कडेवर वल्हं आपटून मासे जाळ्याकडे हाकलायची इथली रीत. साहेबांना वाटलं, सुटका करायला कुणी आलं! त्यांनी पाना घेऊन आतून ठोकलं. धोंडिबाला वाटलं, दुसरा कुणी आपल्या जाग्यावर येऊन आपलेच मासे पळवतोय.

"कोन रं त्यो? माज्या जाग्यावर ठोकतस? समोर ये, मंग दावतो!"

तो दुप्पट जोरानं आपटू लागला. साहेब तिप्पट. हे भांडण ओहोटी लागेपर्यंत चाललं. पाणी उतरलं, माझं झाकण उघडलं आणि लालबुंद तोंडाचा गोरा बाहेर आला. धोंडिबाची शिवी घशातच राहिली.

तरी गडी दिलाचा मोठा. चौघांना होडीतून काठावर आणलं, भाकरी-सुकट खायला घातली. लष्कराची गाडी आली नि त्यांना घेऊन गेली. गाव तेव्हा मिठागरावर राबत होतं, कुणी काही पाहिलं नाही. संध्याकाळी धोंडिबानं सांगितलं तर लोक पोट धरून हसले. "चला, दावतो" म्हणत तो सगळ्यांना घेऊनही आला. पण तोवर माझ्यावरून भरती फिरली होती. पुढच्या ओहोटीपर्यंत गाळानं पांघरूण घातलं ते कायमचंच. कुठं रुतलो ते साहेबाला नकाशावर धड दाखवता येईना, लष्करानं शोध घ्यायच्या आत युद्ध संपलं आणि मी हरवलेल्यांत जमा झाले.

मग माझ्या पाठीवर जाळी अडकून फाटू लागली. गावानं ठरवलं, इथं खडकात देव आहे: खडकोबा! नारळी पुनवेला मला नारळ येऊ लागला. बाईमाणसाला 'बा' म्हणतात, तेही मी मुकाट ऐकलं. गंमत बघा, मी खोटा देव म्हणून पुजली गेले आणि खरं बोलणारा थापाड्या ठरला.

धोंडिबा गेला. मागे राहिली त्याची लेक शकू. तिला बघायला आलेले पाहुणेसुद्धा विचारायचे, "तो पाणबुडीवाला तुझाच बाप का गो?" तिला एवढंच हवं होतं की गावानं एकदा म्हणावं, तुझा बापूस खोटं बोलला नाही.

आता खाडीवर नवा पूल होतोय. खांबासाठी भोक पाडताना यंत्राचं टोक माझ्या पाठीवर टणकन आपटलं. इंजिनीअर दीप्ती म्हणाली, "हा खडक नाही, लोखंड आहे. गाळ उपसावा लागेल."

होडीवाल्यांचा म्होरक्या कुंडलिक आडवा आला. "आमच्या देवाला हात लावाचा नाय, मॅडम. खांब सरकवा तिकडं."

दीप्ती विचारात पडली. खांब सरकला असता तर मी आणि धोंडिबाचा शब्द, दोन्ही कायमचे गाडले गेले असते.

तेव्हा पंचाहत्तरीची शकू काठी टेकत चिखलात उतरली. "कुंडलिका, खनू दे त्यांना. देव निंगाला तर सगल्या गावासमोर नाक घासीन. आन् माज्या बापसाची पानबुडी निंगाली तर?"

"तर काय, आते?"

"तर तू सांगशील. देवलाच्या भोंग्यावरशी."

लोक हसले. कुंडलिकला मागं हटता येईना.

गाळ उपसला. आधी फाटक्या जाळ्यांची नऊवारी निघाली, मग नारळाच्या करवंट्या, मग मी. कुंडलिक देवळाकडं चालू लागला. थोड्या वेळानं देवळाचा भोंगा खरखरला. "आयका रं सगली! धोंडिबा आजा खरा व्हता. आपुनच खोटी."

शकू माझ्याजवळच उभी होती. तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळे भरून वाहत होते.

हल्ली ती माझ्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं सांगते. पहिल्या दिवशी साहेब चारच होते. गेल्या आठवड्यात नऊ झाले. काल चौदा होते, आणि त्यांतला एक तर धोंडिबाला विलायतेला नेऊन जावई करून घेणार होता! मी ऐकते आणि गप्प बसते. एवढी वर्षं खरं सांगून कुणी ऐकलं नाही, मग आता जरा फोडणी घातली तर बिघडलं कुठं?

तेवढं मला दूरच्या कुठल्या संग्रहालयात नेऊ नका हो. इथंच बरी आहे. आणि कधी आलात, तर तिच्यासमोर दोन घटका टेका. चौदा म्हणाली की चौदा. आत जागा करायचं काम माझं.