गौरवाचं गाणं वाचायचं नसतं

शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या चर्चमध्ये क्षमाअक्का मुलांना प्रभुभोजनाच्या उपासनेचं संगीत शिकवत. चार आवाजांत बांधलेल्या जुन्या चाली त्या. आधी दयेची विनवणी, मग गौरवाचं गाणं, म्हणजे ग्लोरिया, मग ‘पवित्र, पवित्र’ आणि शेवटी देवाच्या कोकऱ्याचं. मुलांचा जीव गौरवाच्या गाण्यावर.

“आर्या, स्वल्प हळू गं. आधी शेजारचीचा आवाज कानात येऊ दे, मग आपला सोड. परत.”

“अक्का, शिकतोय कधीचे. चर्चमध्ये गाणार कधी?”

“ईस्टरला. त्याआधीच्या उपवासकाळात, लेंटमध्ये, हे लोकांपुढे गायचं नसतं. उपवास काय नुसता पोटाचा असतो होय?”

ईस्टरच्या आदल्या दिवशी सराव चालू असताना चर्चसमितीचे नवे सचिव चंद्रकांत आले. नागपूरहून आलेले, आयटीतले, सगळं पटापट मार्गी लावणारे.

“अक्का, उद्या ग्लोरिया स्क्रीनवर टाकतोय. सगळे मिळून वाचू. गाण्यात फार टाइम जातो. आणि मी मुद्दाम बघितलं, इतके संडे तुम्ही ते गायलंच नाही. एकाची तरी कंप्लेंट आली?”

मुलं खुदकन हसली. आर्याने तोंडापुढे कागद धरला.

“हसू नका रे,” अक्का म्हणाल्या. मग नव्या मुलाला समजवावं तशा सावकाश बोलल्या, “चंद्रकांत, लेंटमध्ये ते कधीच गात नाहीत. लोक गप्प होते, कारण वाट बघत होते.”

चंद्रकांतांचे कान लाल झाले. पण पोरांसमोर माघार कशी घ्यायची?

“असेल. पण ठरलं ते ठरलं. ऑर्गनवाल्याला मी सुट्टी दिलीय.”

“सरी,” अक्का त्यांच्या कानडीत ‘बरं’ म्हणाल्या.

ते गेल्यावर आर्या रडवेली झाली. “मग उद्या वाचायचं?”

“वाचून बघ बरं.”

आर्याने पहिल्या दोन ओळी वाचल्या.

“कसं वाटलं?”

“हजेरी घेतल्यासारखं.”

“मग झालं तर. उद्या गायचं. ऑर्गन नसला तर नसू दे.”

“ते रागावतील, अक्का.”

“माझ्यावर रागावतील. तू सूर सांभाळ.”

ईस्टरला चर्च गच्च भरलं होतं. “आता आपण वाचू या,” पाळकसाहेब म्हणाले आणि स्क्रीन उजळला. अक्कांनी हात वर केला. आर्याचा आवाज एकटाच निघाला, थोडा थरथरता. मग त्याच्याखाली बाकीचे आवाज येऊन उभे राहिले. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. चंद्रकांत मधल्या वाटेने लगबगीने पुढे आले आणि हातानेच ‘पुरे’ म्हणाले. मुलांनी त्यांना पाहिलं. अक्कांची पाठ चंद्रकांतांकडे होती. मुलांच्या नजरेवरून अक्कांना कळलं, पण त्यांनी मान वळवली नाही. हात फक्त आणखी रुंद केले. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या उठल्या, मग सगळं चर्च उठलं. वाटेत एकटे उरलेले चंद्रकांत कडेच्या बाकात सरकले.

उपासनेनंतर त्यांनी पायऱ्यांवर अक्कांना गाठलं. “समितीपुढे बोलवावं लागेल तुम्हाला.”

“बोलवा. मुलांनाही आणते. पूर्ण ऐका, मग काय ते ठरवा.”

“आणि पुढच्या संडेला?”

“गाणार,” अक्का म्हणाल्या. “लेंट संपला, चंद्रकांत.”