बर्फाचा रंग

तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन कृष्णाजी देवनहळ्ळीला घरी आले, ते कानांत एक शिट्टी घेऊनच. तोफांच्या दणक्यांनी कान कायमचे वाजत राहिले होते. दिवसा माणसांच्या बोलण्यात ती जरा दबे. अंथरुणाला पाठ टेकली की डोकं पोखरून काढी. होसकोट्याला एका कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी धरली, पण पाळी बदलताना भोंगा झाला की अंगाला दरदरून घाम फुटायचा. तीही सोडली. मग ओसरीवर बसून राहणं एवढंच उरलं. काही न करताही माणूस किती दमतो, हे त्यांना तिथं बसून कळलं.

एकदा बायकोनं, अंबुबाईनं, त्यांना गेट रंगवायला लावलं. काम झाल्यावर ती म्हणाली, "अहो, स्वल्प रंग उरलाय. डब्यात वाळून जाईल. त्या फळीला तरी फासा."

त्यांनी करड्या रंगात पांढरा मिसळला आणि फळीवर ब्रश टेकवला. हात आपला आपण चालत गेला. सीमेवरच्या त्यांच्या चौकीसमोरचा बर्फाचा डोंगर उमटू लागला. जेवायची हाक आली तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, मघापासून शिट्टी ऐकूच आली नव्हती.

अंबुबाईनं फळी निरखली. "हा डोंगर, की नाचणीच्या मुद्देचा गोळा?"

"काय की," ते म्हणाले, आणि फार दिवसांनी दोघंही हसली.

मग ते रोज रंगवू लागले. हात काही फारसा बसला नाही. ब्रश खाली ठेवला की शिट्टी परत येई. पण तेवढा वेळ तरी डोक्याला उसंत मिळे.

अशात बसवनगुडीहून सुनंदाचा फोन आला. तिचा नवरा उपेंद्र एकेकाळी कृष्णाजींच्याच तोफेवर होता. "अण्णा, हे खोलीबाहेर येत नाहीत. कुणाशी बोलत नाहीत. एकदा येऊन जा."

कृष्णाजींच्या जिवावर आलं. स्वतःचाच भार पेलवेना, तिथं दुसऱ्याचा कुठं उचलायचा?

"नुसतं जाऊन बसा की," अंबुबाई म्हणाली.

"सरी, जातो," म्हणत त्यांनी पिशवीत रंग भरले आणि बस धरली.

उपेंद्र भिंतीकडे तोंड करून पडला होता. कृष्णाजींनी खिडकीपाशी कागद पसरला आणि तोच डोंगर काढायला घेतला. सुनंदानं आणलेला चहा निवून गेला. बऱ्याच वेळानं मागून घोगरा आवाज आला.

"अण्णा, बर्फ पांढरा नव्हता."

"मग?"

"संध्याकाळी निळा दिसायचा. विसरलात?"

कृष्णाजी विसरले होते. त्यांनी ब्रश पुढं केला. उपेंद्र उठून बसला. थोडा रंग चादरीवर सांडला. पण डोंगराच्या उतारावर एक निळा पट्टा उमटला. दाराशी उभ्या सुनंदानं पदर तोंडाला लावला.

परतीच्या बसमध्ये कृष्णाजींचं अंग ठणकत होतं. घरी येताच ते ओसरीवर आडवे झाले.

"बरा आहे का तो?" अंबुबाईनं विचारलं.

"नाही गं. असं एका दिवसात कुठं बरं होतंय? मी तरी कुठं झालोय?" त्यांनी डोळे मिटले. "पण निघताना विचारत होता, परत कधी येणार म्हणून. गुरुवारी येतो म्हणालोय. त्याच्यापुरता एक वेगळा ब्रश आणायला हवा."