खलास

माझी बायको विद्या घोड्यांवर लिहिते. म्हणजे लोक तसं म्हणतात. माझ्या मते ती स्वतःवरच लिहिते आणि घोडीला पुढे करते. दोन्ही पुस्तकांत घोडी एकच, बौशरच्या डोंगराखालच्या तबेल्यातली म्हातारी रीम. घोडी अर्बाबची, म्हणजे तबेल्याच्या अरब मालकाची; हिची तिच्यावर काडीची मालकी नाही. तरी दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी हिने तिला वचन देऊन ठेवलं, 'जाशील तेव्हा तुझं डोकं माझ्या मांडीवर असेल.' वाचक त्या ओळीवर रडतात. मला मात्र तेव्हाच धास्ती वाटली होती. असलं काही छापून ठेवू नये.

गेल्या शुक्रवारी सोहारच्या मराठी मंडळींनी तिला वाचनाला बोलावलं होतं. तीच ओळ वाचून झाली, टाळ्या पडल्या आणि तबेल्यातल्या जाफरचा फोन आला. जाफर दापोलीकडचा, घोड्यांचं सगळं तोच बघतो.

"वैनी, रीमच्या पोटात कळा येतायत. सारखी लोळतेय. लवकर या."

चहा तसाच टाकून आम्ही निघालो. रस्ता लांबचा. "अहो, जरा दामटा ना," विद्याचं चालूच होतं, आणि दंडाची पर्वा न करता मी दामटतही होतो. अर्ध्या वाटेत पुन्हा जाफर. स्पीकरवर त्याचा आवाज खरखरला, "डॉक्टर येऊन गेले, वैनी. खलास." आणि फोन बंद.

विद्याने डोळे मिटून हात जोडले. "सुटले बाई!"

मलाही हायसं वाटलं. इथे आखातात इतकी वर्षं काढल्यावर खलास म्हणजे काम झालं. व्हिसा आला, खलास. एसी दुरुस्त झाला, खलास. आमच्या लेकीचा, मैथिलीचा पेपर संपला, खलास. मी वेग कमी केला. वाटेत आम्ही चक्क चहा प्यायलो. मवालेहला थांबून विद्याने रीमसाठी गाजरं घेतली, कोवळी बघून, एकेक निवडून.

तबेल्यात पोचलो तर जाफर रीमच्या अंगावर चादर ओढत होता.

"आत्ताच गेली," तो म्हणाला.

"अरे, पण तू तर म्हणालास..."

"सांगितलं ना वैनी, खलास म्हणून. आतडं पिळलेलं. डॉक्टर बोलले, आता काय उरलं नाय. पण जीव सोडीना. गाडीचा आवाज आला की कान टवकारायची. मला वाटलं, आलात."

दापोलीचा माणूस साधं मराठी बोलला होता. त्याचं अरबी आम्ही केलं. चिडायचं तरी कोणावर? मला नुसता संताप येत होता आणि तो ठेवायला जागा नव्हती.

विद्या खाली वाळूत बसली. रीमचं डोकं तिला एकटीला उचलेना. मी आणि जाफरने दोन्हीकडून धरून ते तिच्या मांडीवर ठेवलं. "आता काय उपयोग?" असं म्हणाली, पण खाली ठेवू देईना. गाजरांची पिशवी तिच्या मनगटात तशीच अडकलेली होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सोहारच्या किशोरीताईंचा मेसेज होता, 'घोडी कशी आहे? वेळेवर पोचलात ना?'

विद्याने फोन माझ्याकडे दिला. "तुम्हीच लिहा काहीतरी."

मी फोन हातात घेऊन उभा राहिलो. दोन पुस्तकं लिहिणाऱ्या बाईला एक ओळ जमत नव्हती, आणि मला तर जन्मात कधी जमली नाही.