पुसला गेलेला पिवळा

मित्रांनो, मी एक जुनी रॉ फाइल आहे. तुम्ही मोबाइलवर बघता तसा तयार फोटो नव्हे. कॅमेऱ्यात जेवढा उजेड शिरला, त्याची नुसती आकड्यांतली नोंद म्हणजे मी. मला उघडून माझा फोटो करावा लागतो. तोवर मी कुणाला दिसतही नाही.

माझा जन्म एका खिडकीपाशी झाला. दवाखान्यातून नुकतीच घरी आलेली चिमी पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेली होती. खिडकीला मोहरीच्या रंगाचा पडदा. बाबाने अगदी जवळून तिचा चेहरा टिपला आणि मी जन्मले.

बाबा प्रोग्रामर. माझ्यासारख्या फाइलींचे फोटो करायला त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. सगळं काही त्याने स्वतः केलं नव्हतं. अशा कामासाठी तयार लायब्ररी मिळते, म्हणजे दुसऱ्यांनी घडवून ठेवलेली हत्यारांची पेटीच. तिला त्याचा एकच हुकूम होता : रंग तूच सुधारून घे. क्षणात माझ्यातून गुलाबी गालांचा फोटो बाहेर पडला.

कौतुक झालं ते त्या फोटोचं. आत्याचा लगेच निरोप, "नाक आमच्याकडचं हं!" मावशी कसली ऐकते? "नाक घ्या तुम्ही, गाल आमचे!" मी फोल्डरात पडून राहिले.

आईचं लक्ष मात्र फोटोत नव्हतं.

"अरे, ही मला पिवळी वाटते. सकाळपासून नीट पीतही नाहीये. तोंडात घेते आणि झोपून जाते."

"अगं, पडदा केवढा पिवळा आहे बघ ना! त्याच्याजवळ मीसुद्धा हळद लावल्यासारखा दिसतो. हा घे फोटो. कशी गुलाबी आहे!"

आईने फोटो पाहिला आणि तिचा जीव जरा भांड्यात पडला. मला ओरडावंसं वाटत होतं. पिवळा रंग माझ्यात जसाच्या तसा होता. पण फाइलीला कुठलं आलंय तोंड!

चिमी झोपूनच होती. आईने तळपायाला गुदगुल्या केल्या. तिने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. आईने परत फोटो उघडला. मोठा केला, इकडेतिकडे सरकवला आणि थबकली.

"दुपटं निळं कसं?"

"कुठलं दुपटं?"

"हेच, तिच्या अंगावरचं. मी माझ्या हाताने धुतलंय. पांढरंशुभ्र आहे ते."

बाबा प्रोग्रामची ती एक ओळ वाचत राहिला. मग हळूच म्हणाला, "फोटोभर चेहराच आहे ना. पिवळा जास्त दिसला म्हणून लायब्ररीने सगळीकडूनच पिवळा कमी केला. मीच सांगितलं होतं तिला."

"मग घाल परत!"

त्याने मला पुन्हा उघडलं. या वेळी हुकूम वेगळा होता : दुपटं पांढरं धर आणि बाकीचे रंग त्यावरून लाव. दुपटं पांढरं झालं. पडद्याची झाक गेली. चिमीचा चेहरा पिवळाच राहिला.

आईने पडदा खसकन बाजूला ओढला, चिमीला लख्ख उजेडात धरलं. तिच्या कपाळावर हलकेच बोट दाबून पाहिलं. बोट उचललं तिथली कातडीही पिवळीच दिसली.

"चप्पल घाल. निघायचंय."

पुढचं मी ते घरी परतल्यावर ऐकलं. बाबा दोन्ही फोटो दाखवायला लागला, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "फोटो ठेवा हो खिशात, बाळ द्या इकडे!" रक्त तपासलं. कावीळ बरीच वाढली होती, आणखी थांबणं धोक्याचं होतं. चिमीला खास दिव्यांखाली ठेवलं. बऱ्याच वेळाने ती भुकेने कडाडून रडली, तेव्हा आईही रडली म्हणे.

मित्रांनो, आता मी एका जुन्या डिस्कवर असते. जागा अडते म्हणून आम्हाला पुसू नका. सुधारलेल्या फोटोतून जे निघून जातं, ते आमच्यात शाबूत असतं. पण माझं खरं मागणं दुसरंच आहे. घरात कुणी म्हणालं, "मला बाळ बरं दिसत नाही," तर त्याच्यापुढे फोटो धरू नका. अगदी माझासुद्धा नको. माझ्यात चिमी एका क्षणापुरतीच आहे. मांडीवरचं बाळ मात्र घटकेघटकेला बदलत असतं. त्यालाच उचला आणि निघा.