बडगीतला खून

मयुरीने बाळाला सासूकडे सोपवताना अकरा सूचना दिल्या, आणि जिन्यातून परत वर येऊन बारावी दिली. कोकिळाबाईंनी तिचं बोलणं संपेपर्यंत बाळाची टोपी नीट केली.

"झालं? जाय आता. मी चार पोरं वाढाई शेत."

"तसं नाही आई. पण रडलाच तर..."

"रडना तर रडना. पोरगंच शे ते."

मेहरूणहून कॉलेजच्या रेडिओ केंद्रापर्यंत रिक्षाने वीस मिनिटं. तेवढ्या वेळात मयुरीने स्वतःशी एक करार करून टाकला. लग्नाआधी ती या केंद्रावर दर रविवारी नाटक करायची. नऊ महिन्यांचं बाळ तिच्याविना तासभर राहिलं, तर आजपासून पुन्हा दर रविवारी. नाही राहिलं, तर आजचं शेवटचं. नवरा, कुंदन, एका लग्नासाठी धुळ्याला गेलेला, त्यामुळे घरी तिसरं माणूस नव्हतं.

नाटक तिनेच लिहिलेलं. बंगल्यात एकटी वसुधा, आणि वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू. भाडेकरू मुसळ घेऊन जिना उतरतोय हे श्रोत्यांना कळतं, वसुधेला मात्र कळत नाही. गंमत सगळी तिथेच. शेवटची सहा पानं ती खिडकीशी उभी राहून चांदण्याचं कौतुक करते आणि तो एकेक पायरी उतरतो.

आवाजांचं काम पितांबरभाऊंकडे. डोक्यात मुसळ बसल्याचा आवाज त्यांनी आठवडाभर शोधला होता. उशी बडवली तर गादी पिंजल्यासारखं वाटायचं, कलिंगड फोडलं तर कलिंगडासारखं. शेवटी त्यांनी घरून भरीत कुटायची लाकडी बडगी उचलून आणली, चार किलो भाजलेली वांगी त्यात टाकली आणि मुसळ मारून दाखवलं. केंद्रप्रमुख योगराज सरांच्या अंगावर काटा आला.

थेट प्रसारण म्हणून सगळ्यांचे मोबाइल बाहेरच्या टोपलीत ठेवायचा नियम होता. मयुरीने आपल्या मोबाइलचा आवाज बंद करून तो संहितेच्या पानांखाली दडवला. आई झालेल्या बाईने पाळायचे नियम वेगळे असतात, असं तिचं मत होतं.

चार वाजता लाल दिवा लागला. एकोणिसाव्या मिनिटापर्यंत सगळं झकास चाललं. वसुधा खिडकीशी आली, पितांबरभाऊंनी लाकडी खोक्यावर चप्पल टेकवून पहिली पायरी वाजवली, आणि पानांखालून उजेड आला. 'आई'.

"किती शांत आहे आज," मयुरी माइकमध्ये म्हणाली. आवाज थरथरला. काचेपलीकडून योगराज सरांनी अंगठा दाखवला.

उजेड विझला, पुन्हा लागला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. कोकिळाबाई पोस्टकार्डात काम भागत असेल तर फोन न करणाऱ्या. बाळ पडलं. नाही, काहीतरी गिळलं. पाचव्या फोनला मयुरीने मनातल्या मनात दवाखाना गाठला होता. मग 'कुंदन' झळकलं. म्हणजे धुळ्यापर्यंत बातमी गेली.

अजून तीन पानं उरलेली आणि भाडेकरू तिसऱ्याच पायरीवर. मयुरीने पानं मिटली, टेबलावरच्या खोट्या दाराची कडी खाडकन काढली आणि म्हणाली, "या आत. काय करायचं ते लवकर करा."

भाडेकरूचं काम करणारा हेमराज विमा विकायचा, त्यामुळे गिऱ्हाईक स्वतःहून दार उघडतं याची त्याला सवय नव्हती. "तुला... तुला माहीत होतं?"

"पहिल्या पायरीपासून. उरका."

पितांबरभाऊ चप्पल टाकून बडगीकडे धावले. पहिला घाव बसला. मयुरी छान किंचाळली आणि मेली. पण घड्याळात चार मिनिटं शिल्लक होती. बाजारभाव साडेचारच्या आधी लागायचे नव्हते. योगराज सरांनी काचेमागून हात फिरवला: चालू ठेवा. पितांबरभाऊंनी चालू ठेवलं. चार मिनिटं खून चालला. वांगी एकजीव झाली, खोलीत भाजल्या वांग्यांचा वास दरवळला, आणि हेमराजला मध्ये मध्ये "मर, अजून मर" एवढंच सुचत राहिलं.

मयत मयुरी चवड्यांवर बाहेर सटकली.

"आई, काय झालं? बाळ कसंय?"

"झोपेल शे. रेडिओमा तुना आवाज ऐका अन् झोपी गया."

"मग सात फोन?"

"अवं, तो मुसळ लिसन जिना उतरी ऱ्हायना व्हता, अन् तू खिडकीमा चांदनं देखी ऱ्हायनी. कोनी सांगाले नको का?"

"आई, नाटक आहे ते."

"माले बी समजस नाटक शे. म्हनीसन त फोनच करी ऱ्हायनी व्हती. खरं रातं त मीच येती." मग जरा रागाने, "कुंदनले बी सांगं, तिले फोन लाव. अन् तू खुशाल दार उघाडं."

मयुरी भिंतीला टेकून तिथेच खाली बसली. हसू की रडू हे ठरेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं उरकलं. बाळ राहिलं होतं. नुसतं राहिलं नव्हतं, आईच्या खुनावर गाढ झोपलं होतं. आता दर रविवारी.

योगराज सर कागद नाचवत बाहेर आले. "एकोणतीस फोन. केंद्र सुरू झाल्यापासून इतके आले नव्हते."

"वसुधेने दार का उघडलं म्हणून?"

"छे. भरीत पार्टी कुठे आहे म्हणून. तिघांनी भरितासोबत खायला कळण्याच्या पुऱ्या किती आणू विचारलं." त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "आणि मेहरूणहून एक बाई. कुटणाऱ्याचा हात कच्चा आहे, मिरची आधी ठेचावी लागते, म्हणाल्या. कोकिळाबाई नाव. मी त्यांना पुढच्या रविवारी बोलावलंय. असा कान मिळत नाही हो."

मयुरीच्या हातातला फोन अजून चालूच होता.

"आई, तुम्ही इकडे आलात तर बाळाला कोण बघणार?"

पलीकडे क्षणभरही विचार झाला नाही.

"तू शे ना घर."